हंगाम हुकलेली मुले : लिट्ल लीग बेसबॉलच्या इतिहासातील एक धागा

अमेरिकेत हिवाळा ओसरून वसंत ऋतू लागला की गावोगावच्या छोट्या मैदानांवर एक सोहळा होतो. नवे सदरे आणि टोप्या घातलेली मुले आपापल्या संघाच्या फलकामागून रांगेने चालत येतात. राष्ट्रगीत होते, मुले खेळाडूची प्रतिज्ञा म्हणतात, गावातील एखादी मान्यवर व्यक्ती मानाचा पहिला चेंडू टाकते आणि मग लीगचे अध्यक्ष चार शब्द बोलतात. हे अध्यक्ष कोणी मोठे पुढारी नसतात. गावातलेच दुकानदार, शिक्षक किंवा कारकून असतात आणि बहुधा त्यांचे स्वतःचे मूलही समोरच्या रांगेत उभे असते. भाषण ठरलेले असते. मुलांचे स्वागत, पालकांचे स्वागत आणि ज्यांच्यावाचून यातले काहीच झाले नसते त्या स्वयंसेवकांचे आभार. मुलांचे लक्ष अर्थातच भाषणाकडे नसते, ते मैदानाकडे असते.

अशा भाषणातला ‘स्वागत’ हा शब्द आपण सगळेच फार सहज वापरतो. ‘सु’ आणि ‘आगत’ अशी त्याची फोड आहे. येणाऱ्याचे येणे चांगले झाले, असा तिचा अर्थ. पण येणे चांगले झाले की नाही हे ठरवतो कोण? येणारा नव्हे, आत आधीपासून असलेला. म्हणूनच कोणत्याही संस्थेचा इतिहास तपासताना तिने कोणाचे स्वागत केले याबरोबरच कोणाचे केले नाही, आणि नंतर केले असल्यास किती उशिराने केले, हेही पाहावे लागते. मुलांच्या बेसबॉलची जगातील सर्वांत प्रसिद्ध संघटना असलेल्या लिट्ल लीगचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. या इतिहासात विजयांच्या आणि विक्रमांच्या कथा पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखात त्या बाजूला ठेवून एकच धागा धरला आहे : मुलाच्या आयुष्यातला खेळाचा हंगाम फार थोडा असतो आणि मोठ्यांना शहाणपण यायला फार वेळ लागतो. या दोन काळांचा मेळ बसत नाही, आणि तो न बसल्याची किंमत मुलेच देतात.

लायलॅकचे झुडूप आणि तीस डॉलर

पेनसिल्व्हेनिया राज्यात सस्क्वेहाना नदीच्या काठी विल्यम्सपोर्ट नावाचे शहर आहे. एकोणिसाव्या शतकात इमारती लाकडाच्या व्यापाराने ते भरभराटीला आले आणि जंगले संपल्यावर ओसरले. १९२९ नंतरच्या महामंदीने उरलेसुरले कंबरडे मोडले. या शहरात राहणारे कार्ल स्टॉट्झ (१९१०–१९९२) हे अगदी सामान्य परिस्थितीतले गृहस्थ. १९३८ च्या उन्हाळ्यात ते आपल्या दोन भाच्यांबरोबर घराच्या अंगणात चेंडू झेलाझेली खेळत होते. चेंडू पकडायला धावताना छाटलेल्या लायलॅकच्या झुडपाच्या खुंटांवर त्यांचा पाय खरचटला. पायरीवर बसून घोटा चोळता चोळता त्यांनी भाच्यांना विचारले, की तुम्हाला खरोखरीच्या संघात, गणवेश घालून, नव्या चेंडूने खेळायला आवडेल का? लिट्ल लीगची उत्पत्तिकथा ही अशी आहे. बहुतेक उत्पत्तिकथांप्रमाणे ती थोडी घोटीव वाटते, पण ती खुद्द स्टॉट्झ यांनीच सांगितलेली आहे.

बेसबॉल ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी येथे एक गोष्ट सांगायला हवी. या खेळाचे आतले मैदान शंकरपाळ्याच्या आकाराचे असते आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस असतात. चेंडू टोलावला की फलंदाज पहिल्या बेसकडे धावत सुटतो. चेंडू तेथे त्याच्या आधी पोहोचला तर तो बाद. मोठ्यांच्या मैदानात दोन बेसमधले अंतर ९० फूट असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला हे अंतर झेपत नाही. त्याची फेक पल्ल्यापर्यंत पोहोचत नाही आणि खेळाचा सगळा तोल बिघडतो. स्टॉट्झ यांनी शेजारच्या मुलांना गोळा करून, बेस पुढे-मागे सरकवून पाहिले आणि ६० फुटांवर ते थांबले. या अंतरावर धावणारा आणि फेकणारा यांची चुरस बरोबर जमत होती. लिट्ल लीगच्या मैदानावरील हे अंतर आजही तेवढेच आहे. मुलांना मोठ्यांच्या खेळात ‘घेण्या’पेक्षा खेळच त्यांच्या मापाने बेतावा, ही यामागची कल्पना. खऱ्या अर्थाने स्वागत म्हणावे असे काही असेल तर ते हेच.

पुढचा प्रश्न पैशाचा होता. मंदीच्या दिवसांत मुलांच्या गणवेशासाठी पैसे मागत स्टॉट्झ दुकाने आणि कारखाने पालथे घालत होते. छप्पन्न ठिकाणी नकार मिळाला आणि सत्तावन्नाव्या ठिकाणी, लायकमिंग डेअरी या दूध व्यवसायाने, ३० डॉलर दिले असे सांगतात. लंडी लंबर आणि जंबो प्रेट्झेल हे आणखी दोन आश्रयदाते मिळाले आणि तीन संघ उभे राहिले. एका संघाचे व्यवस्थापन स्टॉट्झ यांनी आणि उरलेल्या दोघांचे जॉर्ज आणि बर्ट बेबल या बंधूंनी पाहिले. या तिघांच्या बायका आणि आणखी काही परिचित मिळून पहिले संचालक मंडळ तयार झाले. ६ जून १९३९ रोजी पहिला सामना झाला. त्यात लंडी लंबरने लायकमिंग डेअरीचा २३ विरुद्ध ८ असा पराभव केला.

याच आठवड्याचा आणखी एक योगायोग नोंदवण्याजोगा आहे. १२ जून १९३९ रोजी न्यू यॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या गावी बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’चे समारंभपूर्वक उद्घाटन झाले. १८३९ साली अ‍ॅब्नर डबलडे यांनी याच गावी बेसबॉलचा शोध लावला, अशी त्या काळी समजूत होती आणि म्हणून खेळाची शताब्दी साजरी होत होती. इतिहासकारांनी ही समजूत पुढे पूर्णपणे निकालात काढली. म्हणजे खोट्या शताब्दीचा मोठा उत्सव चालला असताना, सहाच दिवस आधी, एका मोडकळीला आलेल्या शहरात तीसेक मुलांनी एक खरी सुरुवात केली होती आणि तिची दखल फारशी कोणी घेतली नव्हती.

फुकटचे श्रम आणि त्यांची मालकी

लीग चालते म्हणजे नेमके काय होते? कोणीतरी पहाटे उठून मैदानावर चुन्याच्या रेषा आखतो. कोणी पंच होतो आणि दोन्हीकडच्या आईबापांच्या शिव्या खातो. कोणी धावफलक लिहितो, कोणी हॉट डॉगच्या टपरीवर उभा राहतो आणि त्या विक्रीतून पुढच्या वर्षीच्या चेंडूंचे पैसे निघतात. कोणी वेळापत्रक लावतो, पाऊस पडला की फाडतो आणि पुन्हा लावतो. यांपैकी कोणालाही पगार नसतो. दरवर्षी ऑगस्टमध्ये विल्यम्सपोर्टला होणारी जागतिक स्पर्धा आज दूरचित्रवाणीवर लक्षावधी लोक पाहतात. तिथले पंचसुद्धा स्वयंसेवकच असतात. आपल्याकडे गणेशोत्सवाच्या मांडवात राबणाऱ्या कार्यकर्त्याची जी जात, तीच याही कार्यकर्त्याची. काम सुरू होते ते आपल्या मुलासाठी, आणि मूल मोठे होऊन निघून गेले तरी माणूस तिथेच राहतो.

युद्ध संपल्यावर ही कल्पना झपाट्याने पसरली. पेनसिल्व्हेनियाबाहेरची पहिली लीग १९४७ मध्ये न्यू जर्सीतील हॅमन्टन येथे निघाली. त्याच वर्षी विल्यम्सपोर्टला पहिली मोठी स्पर्धा भरली. १९४८ पासून ‘युनायटेड स्टेट्स रबर’ ही बडी कंपनी आश्रयदाती झाली, आणि पाच-सात वर्षांत लीगांची संख्या हजारांत गेली.

संस्था वाढली की तिच्या मालकीचा प्रश्न येतोच. कंपनीतून आलेले पीटर मॅकगव्हर्न १९५२ मध्ये लिट्ल लीगचे अध्यक्ष झाले. संस्थेने एकसूत्री, शिस्तबद्ध, देशव्यापी व्हावे असे त्यांना वाटे. तर कारभार गावोगावच्या स्वयंसेवकांच्या हाती राहावा असे स्टॉट्झ यांना वाटे. १९५५ मध्ये वाद न्यायालयात गेला. १९५६ मध्ये तडजोड झाली आणि संस्थापकच संस्थेच्या बाहेर पडले. विल्यम्सपोर्टच्या मूळ मैदानावर ते वेगळी लीग चालवत राहिले.

ही कथा एरवी सरळ वाटते. स्थानिक स्वयंसेवक म्हणजे जिव्हाळा आणि मध्यवर्ती कार्यालय म्हणजे यंत्र, अशी मांडणी करण्याचा मोह होतो. आपली सहानुभूतीही स्वाभाविकपणे स्टॉट्झ यांच्याकडे जाते. पण त्याच १९५५ साली दक्षिणेत जे घडले त्याने या मांडणीला छेद दिला आहे.

एकसष्ट संघांनी सोडलेले मैदान

साउथ कॅरोलायना राज्यातील चार्ल्सटन शहरात कॅनन स्ट्रीटवर कृष्णवर्णीयांची वायएमसीए होती. तेथील कार्यकर्त्यांनी आपल्या मुलांसाठी लिट्ल लीगची रीतसर सनद मिळवली आणि १९५५ च्या उन्हाळ्यात आपल्या निवडक मुलांचा संघ स्पर्धेत उतरवला. मुले अकरा-बारा वर्षांची. लिट्ल लीगच्या नियमांत वर्णावरून कोणाला मज्जाव नव्हता, म्हणून या प्रवेशात गैर काही नव्हते.

वर्ष मात्र साधे नव्हते. शाळांमधील वर्णभेद घटनाबाह्य आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी दिला होता. त्या निकालात एकत्र आणलेल्या खटल्यांपैकी एक साउथ कॅरोलायनातलाच होता. गोऱ्या दक्षिणेला प्रत्येक गोष्टीत धोका दिसू लागला होता आणि त्यात मुलांचा खेळही आला. राज्यातील लिट्ल लीगच्या प्रमुखांनी गोऱ्यांची स्पर्धा वेगळी भरवू द्यावी अशी मागणी केली. मुख्य कार्यालयाने ती नाकारली. तेव्हा राज्य स्पर्धेतील सर्वच्या सर्व ६१ गोऱ्या संघांनी माघार घेतली. त्या प्रमुखांनी राजीनामा देऊन गोऱ्या मुलांसाठी निराळी संघटना काढली. ‘डिक्सी’ हे दक्षिणेचे अभिमानाचे नाव तिने पुढे धारण केले. तिचे दरवाजे कृष्णवर्णीय मुलांना उघडायला आणखी काही वर्षे जावी लागली.

प्रतिस्पर्धीच न उरल्याने कॅनन स्ट्रीटचा संघ न खेळताच राज्याचा विजेता ठरला. त्यापुढची विभागीय स्पर्धा जॉर्जियातील रोम या गावी होती. तेथे तांत्रिक अडचण निघाली : पुढे जायचे तर सामने प्रत्यक्ष खेळून जिंकलेले असावेत, आणि या मुलांनी तर एकही सामना खेळलेला नव्हता. ज्या मुख्य कार्यालयाने वेगळ्या स्पर्धेची मागणी नाकारून बाणेदारपणा दाखवला होता, त्याच कार्यालयाने हा नियम पुढे करून या मुलांना अपात्र ठरवले. मग सांत्वनादाखल त्यांना विल्यम्सपोर्टला पाहुणे म्हणून बोलावण्यात आले. मुले आली. त्यांना मैदानावर थोडा सराव करू देण्यात आला. तेवढ्यात प्रेक्षकांतून आरोळी उठली, ‘त्यांना खेळू द्या!’ आणि ती पसरत गेली. खेळू मात्र कोणी दिले नाही. मुलांनी प्रेक्षकांत बसून इतरांचे सामने पाहिले आणि ती परत गेली. त्याच ऑगस्टच्या २८ तारखेला मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. कॅनन स्ट्रीटच्या मुलांपेक्षा तो दोन-तीन वर्षांनीच मोठा होता.

या घटनेत खलनायक शोधू गेल्यास पंचाईत होते. माघार घेणारे ६१ संघ कोणी चालवले होते? पहाटे उठून चुन्याच्या रेषा आखणाऱ्या स्वयंसेवकांनीच. त्यांचे मुलांवर प्रेम नव्हते असे म्हणता येत नाही. आपल्या मुलांवर त्यांचे प्रेम होतेच. ‘आपली मुले’ या शब्दांची व्याप्ती मात्र त्यांनी आधीच ठरवून टाकली होती. दुसरीकडे कॅनन स्ट्रीटचा संघ उभा करणारेही स्वयंसेवकच होते. सेवाभाव दोन्हीकडे होता, आणि तो स्वतःहून न्यायाच्या बाजूला जात नाही एवढेच यातून दिसते. मुख्य कार्यालयाबद्दलही असेच म्हणावे लागेल. तत्त्व पाळले तेही त्याने आणि तत्त्वाचा लाभ मुलांपर्यंत पोहोचू दिला नाही तोही त्यानेच. नियमपुस्तक हाती धरून दोन्ही गोष्टी करता येतात.

वेण्या कापलेली मुलगी

वर्णाबद्दल नियम नव्हता. लिंगाबद्दल मात्र लवकरच झाला. १९५० मध्ये न्यू यॉर्क राज्यातील कॉर्निंग येथे कॅथ्रिन जॉन्स्टन या मुलीने वेण्या कापल्या, टोपी चढवली आणि ‘टबी’ असे मुलाचे नाव सांगून संघात प्रवेश मिळवला. हे नाव तिने ‘लिट्ल लुलू’ या चित्रकथेतून घेतले होते. त्या कथेतला टबी हा मुलगा ज्या टोळक्यात असतो त्याच्या खोपटावर ‘मुलींना मज्जाव’ अशी पाटी असते, हे लक्षात घेतले म्हणजे या निवडीतला मिश्किलपणा कळतो. थोड्या दिवसांनी तिने आपण मुलगी असल्याचे सांगितले आणि तरीही ती तो हंगाम खेळली. पुढच्या वर्षी, १९५१ मध्ये, मुलींना कोणत्याही परिस्थितीत खेळता येणार नाही असा नियम करण्यात आला. तो ‘टबी नियम’ म्हणूनच ओळखला जातो. ज्या संस्थेच्या पहिल्या संचालक मंडळात बायका होत्या आणि जिच्या टपऱ्या, गुणपत्रके आणि गणवेश गावोगावच्या आया सांभाळत होत्या, त्या संस्थेत मुलींना मैदानावर मात्र जागा नव्हती. आईचे स्वागत होते, तिच्या मुलीचे नव्हते.

हा नियम तेवीस वर्षे टिकला. तो मोडला न्यू जर्सीत, हडसन नदीकाठच्या होबोकेन गावी. नोकरीनिमित्त न्यू यॉर्कच्या परिसरात राहिलेल्या मराठी मंडळींना हे गाव चांगले परिचित असेल. बेसबॉलच्या इतिहासातही त्याला स्थान आहे. निकरबॉकर क्लबच्या नियमांनुसार झालेला एक प्रसिद्ध आरंभीचा सामना १९ जून १८४६ रोजी येथल्याच इलिशियन फील्ड्सवर झाला होता. १९७२ मध्ये याच गावातील मारिया पेपे ही मुलगी स्थानिक संघातून तीन सामने खेळली. मग मुख्य कार्यालयाने, तिला काढले नाही तर गावाची सनदच रद्द करू, अशी तंबी दिली. सनद गेली असती तर गावातली सगळीच मुले खेळाला मुकली असती. मारिया बाहेर झाली. एका मुलीचा हक्क आणि शंभर मुलांचा हंगाम असे दोन पारड्यांत घालून मोठी माणसे मोकळी झाली.

‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या संघटनेने तिच्या वतीने न्यू जर्सीच्या नागरी हक्क विभागाकडे तक्रार केली. लिट्ल लीगने मुलींची हाडे नाजूक असतात, दुखापतीचा धोका असतो, असे वैद्यकीय युक्तिवाद केले. नोव्हेंबर १९७३ मध्ये सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला. जी गोष्ट अमेरिकी बालपणाचा भाग मानली जाते ती मुलींना नाकारण्यास कारण नाही, असा त्याचा आशय होता. १९७४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयाने तो उचलून धरला.

यानंतर न्यू जर्सीत जे घडले ते १९५५ ची आठवण करून देणारे आहे. मुलींना घेण्यापेक्षा हंगामच स्थगित ठेवू, असे ठराव अनेक लीगांनी केले. अखेरीस १९७४ मध्ये लिट्ल लीगने आपले धोरण बदलले, आणि मुलींसाठी सॉफ्टबॉलचीही सोय सुरू केली. १९६४ मध्ये अमेरिकी संसदेने संस्थेला दिलेल्या सनदेत ‘मुलगे’ असा शब्द होता; डिसेंबर १९७४ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या सहीने तो बदलून त्याजागी सर्व मुलांना सामावणारा शब्द आला.

मारिया पेपे तोवर चौदा वर्षांची झाली होती. लिट्ल लीगची वयोमर्यादा बारा वर्षांची. तिच्या नावाने जिंकलेला हक्क तिच्या स्वतःच्या उपयोगाचा उरला नव्हता.

चित्रपटातला निकाल

१९७६ मध्ये मायकेल रिची यांचा ‘द बॅड न्यूज बेअर्स’ हा चित्रपट आला. तो विनोदी म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याच्या कथेचा पाया या लेखाच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. एका लीगने काही मुलांना वगळलेले असते. एक पालक दावा लावतो, आणि नाइलाजाने त्या वगळलेल्या मुलांचा एक जादा संघ करावा लागतो. त्यांना शिकवायला स्वयंसेवक मिळत नाही म्हणून तो पालक पैसे देऊन एका दारुड्या माजी खेळाडूला नेमतो. वॉल्टर मॅथाऊ यांनी ही भूमिका केली आहे. संघाची उत्तम पिचर एक मुलगी असते. न्यायालयाच्या हुकमाने मैदान मिळते. आपलेपणा हुकमाने मिळत नाही, हे चित्रपटाने नेमके पकडले आहे. अंतिम सामन्यात जिंकण्याच्या ईर्षेने तो प्रशिक्षक स्वतःच इतरांसारखा वागू लागतो, मग भानावर येतो आणि बाकावर बसून राहिलेल्या कच्च्या मुलांना खेळायला उतरवतो. संघ हरतो. लिट्ल लीगच्या नियमांतही प्रत्येक मुलाला प्रत्येक सामन्यात ठरावीक किमान वेळ खेळवलेच पाहिजे, असे बंधन आहे. नाव नोंदवले, गणवेश दिला आणि बाकावर बसवले, तर त्याला स्वागत म्हणत नाहीत, हे कोणीतरी नियमातच लिहून ठेवावे लागले.

दार उघडण्याची ही वाटचाल एका दिशेने आणि सलग झालेली नाही. तैवानचे संघ १९७१ ते १९७४ अशी सलग चार वर्षे जागतिक स्पर्धा जिंकले, तेव्हा १९७५ मध्ये परदेशी संघांना स्पर्धेतून वगळण्यात आले. नाव ‘जागतिक’ आणि खेळणारे सगळे अमेरिकी, असे ते वर्ष गेले. पुढच्या वर्षी ही बंदी उठली. १९८९ मध्ये शारीरिक व बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी ‘चॅलेंजर’ विभाग सुरू झाला. २००३ पासून मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रत्येक स्वयंसेवकाची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे झाले. पूर्वी मुलांना पारखून घेणाऱ्या मोठ्यांना आता स्वतःला पारखून घ्यावे लागते. यात अपमान वाटून घेण्यासारखे काही नाही.

ऑगस्ट २०१४ मध्ये फिलाडेल्फियाच्या मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या मुलीने विल्यम्सपोर्टच्या मैदानावर नॅशव्हिलच्या संघाला एकही धाव न देता सामना जिंकून दिला. जागतिक स्पर्धेत पिचर म्हणून विजय मिळवणारी ती पहिली मुलगी. ती कृष्णवर्णीयही आहे. १९५५ आणि १९७२ या दोन्ही वर्षी जी दारे बंद होती ती त्या दिवशी एकाच मुलीसाठी उघडी होती. संस्थेला तेव्हा पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती. हा क्षण आनंदाचाच आहे, पण आधीच्या सगळ्याची भरपाई त्याने झाली असे म्हणणे सोपे होईल.

उशिरा मिळालेला फलक

कारण भरपाईचे प्रयत्न संस्थेनेही केले आहेत. २००२ मध्ये कॅनन स्ट्रीट संघाच्या खेळाडूंना विल्यम्सपोर्टला बोलावून १९५५ च्या राज्य विजेतेपदाचा फलक देण्यात आला. तेव्हा ते साठीकडे झुकलेले गृहस्थ होते. २००४ मध्ये मारिया पेपे यांच्या हस्ते जागतिक स्पर्धेत मानाचा पहिला चेंडू टाकण्यात आला. दोन्ही गोष्टी योग्य झाल्या. पण फलक म्हणजे सामना नव्हे. ते एकसष्ट संघ मैदानात उतरले असते तर कॅनन स्ट्रीटची मुले जिंकली असती की हरली असती, हे आता कोणालाच कळणार नाही. त्यांना हरण्याचीही संधी मिळाली नाही, आणि मुलाच्या दृष्टीने ते नुकसान लहान नसते.

आपल्या भाषेत ‘हंगाम’ हा शब्द फारसीतून आला आणि शेतीत रुजला. पेरणीचा हंगाम हुकला की पुढे कितीही पाऊस पडला तरी ते वर्ष परत येत नाही, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. मुलांच्या खेळाचेही असेच आहे. ठराव, अपिले, दुरुस्त्या, समित्या हा मोठ्यांचा वेळ आहे आणि तो वर्षांत मोजला जातो. बारा वर्षांच्या मुलाजवळ एखादाच उन्हाळा असतो. न्यू जर्सीतला खटला दोन वर्षांत निकाली निघाला. न्यायालयाच्या हिशेबाने ही घाईच म्हणायची. मारियाच्या हिशेबाने मात्र तो संपूर्ण काळ होता.

आज नवी भिंत निराळी आहे. अमेरिकेत सधन पालकांची मुले गावची लीग सोडून फिरत्या, खाजगी संघांकडे वळताना दिसतात. तेथे प्रशिक्षक पगारी असतात, प्रवास लांबचे असतात आणि खर्च मोठा असतो. त्या दारावर कसलीच पाटी लावलेली नाही, फक्त शुल्क लिहिलेले आहे. वर्ण आणि लिंग यांचे नियम निदान वाचता येत होते आणि म्हणून त्यांच्याविरुद्ध दाद मागता आली. शुल्काविरुद्ध कोणत्या न्यायालयात जायचे?

म्हणून वसंतातल्या त्या ठराविक भाषणाकडे कंटाळून दुर्लक्ष करू नये असे वाटते. स्वयंसेवकांचे आभार मानायलाच हवेत. त्यांच्याशिवाय एकही मैदान उभे राहिलेले नाही. पण नव्या हंगामाच्या स्वागतसमारंभात समोर उभ्या असलेल्या मुलांबरोबरच रांगेत नसलेल्या मुलांचीही मोजदाद कोणीतरी त्याच दिवशी करायला हवी. पुढच्या हंगामापर्यंत त्यांतली काही मुले तेरा वर्षांची झालेली असतील.